छातीवरचे नाव कोणासाठी?



स्मृतिव्याख्यानासाठी प्राध्यापक, साहित्यिक किंवा निवृत्त न्यायमूर्ती यांना पाचारण करण्याची आपल्याकडे रीत आहे. यंदा संयोजकांनी वडोदऱ्याच्या बाजारातील एका चष्म्याच्या दुकानदाराला या व्यासपीठावर उभे केले आहे. मी या शाळेचा विद्यार्थी आहे, एवढाच माझा अधिकार. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते गणित शिकवीत आणि मोजल्यावाचून मत देऊ नये, ही त्यांची शिकवण होती. म्हणून विषयही मोजता येण्याजोगाच निवडला आहे. तो आहे सुमारे तीन इंच लांब आणि एक इंच रुंद : दुकानातील कर्मचाऱ्यांच्या छातीवरचा नावाचा बिल्ला.

एवढ्याशा बिल्ल्यावर तासभर काय बोलणार, अशी शंका काहींच्या मनात आली असेल. दिव्यांग ग्राहक दुकानात येतो तेव्हा त्याला हा बिल्ला कितपत उपयोगी पडतो, हा प्रश्न विचारला की अक्षर, लिपी, कायदा, शिष्टाचार आणि जात एवढे सगळे त्या तीन इंचांत दाटीवाटीने उभे असल्याचे दिसते. तेच आज आपल्यासमोर उलगडून ठेवावे असा विचार आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. 'चपराशी' हा शब्द आपण सर्रास वापरतो. तो 'चपरास' या शब्दावरून आला. चपरास म्हणजे पट्ट्यावर किंवा छातीवर मिरवावयाचा पितळी बिल्ला. त्यावर कचेरीचे नाव कोरलेले असे, माणसाचे नसे. हा मनुष्य अमुक साहेबांच्या कचेरीचा, एवढेच त्यातून कळे. पुढे रेल्वेच्या फलाटावरील हमालाच्या दंडावर पितळी बिल्ला आला आणि त्यावर क्रमांक आला. 1975 सालच्या 'दीवार' चित्रपटातील गोदी कामगाराचा 786 क्रमांकाचा बिल्ला आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. प्रेक्षकाला तो क्रमांक पाठ झाला, कारण त्या बिल्ल्यावर वाचावयाला दुसरे काही नव्हतेच. कचेरीकडून क्रमांकाकडे आणि क्रमांकाकडून नावाकडे असा बिल्ल्याचा प्रवास झाला आहे. माणसाचे स्वतःचे नाव छातीवर येण्यास बराच काळ जावा लागला, हे येथे ध्यानात ठेवू.

आपल्या जुन्या बाजारात या बिल्ल्याची गरज नव्हती. मांडवी, रावपुरा, मंगळबाजार येथे पिढ्यान्‌पिढ्या तेच दुकान, तोच गल्ला आणि गल्ल्यावर तोच आवाज असे. दृष्टिहीन ग्राहक दुकानाच्या पायरीवर आला की आतून हाक येई, आणि त्या हाकेवरून त्याला सारे कळे : कोण बसले आहे, मोठे शेठ की धाकटे, उधारीचे बोलणे आज काढावे की नाही. आवाज हाच बिल्ला होता. मोठ्या दालनांत ही ओळख उरली नाही. तेथे सर्वांचा गणवेश एक, संगीत मोठे आणि माणसे दर सहा महिन्यांनी बदलणारी. ज्याला चेहरे दिसतात त्याचे फारसे बिघडत नाही. ज्याला दिसत नाहीत, ऐकू येत नाही किंवा लक्षात राहत नाहीत, त्याच्या दृष्टीने ते दुकान अनोळखी माणसांची गर्दी होऊन बसते. बिल्ल्याने ती उणीव भरून काढावयाची, आणि बिल्ला नेमका अशाच ग्राहकांना वाचता येत नाही. आजच्या विषयाचे मूळ हे आहे.

नाव कळणे ही केवळ सौजन्याची बाब नव्हे. 18 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या खटल्यात अटकेसंबंधी जी मार्गदर्शक सूत्रे घालून दिली, त्यांतील पहिलेच सूत्र बिल्ल्याचे आहे. अटक करणाऱ्या पोलिसाने आपली अचूक, दिसेल अशी आणि स्पष्ट ओळख व नावाची पट्टी धारण केली पाहिजे, असे त्याचे तात्पर्य. पुढे ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत आली आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 36 मध्येही ती आहे. दुकानदार म्हणजे पोलीस नव्हे, हे मला मान्य आहे. परंतु तत्त्व तेच आहे. ज्याचे नाव ठाऊक आहे त्याच्याविषयी तक्रार करता येते, त्याचे आभार मानता येतात आणि दुसऱ्या दिवशी येऊन 'काल त्यांनी मला असे सांगितले होते' असे म्हणता येते. नाव नसेल तर ग्राहकाचे बोलणे हवेत विरून जाते. दिव्यांग ग्राहकाच्या वाट्याला हे विरून जाणे अधिक वेळा येते.

दुसरे उदाहरण इंग्लंडमधले आहे. केट ग्रेंजर या वृद्धांवर उपचार करणाऱ्या डॉक्टर होत्या आणि स्वतः कर्करोगाने आजारी होत्या. 2013 साली रुग्णालयात दाखल असताना त्यांच्या लक्षात आले की, उपचारासाठी खाटेजवळ येणारे अनेक जण आपले नावही सांगत नाहीत. त्यातून 'नमस्कार, माझे नाव अमुक' या साध्या वाक्याची मोहीम उभी राहिली. 2016 साली, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले, पण ते वाक्य तेथील रुग्णालयांत रुजले. स्मृतिभ्रंश झालेल्या आणि अधू दृष्टीच्या रुग्णांना वाचता यावे म्हणून अनेक रुग्णालयांनी पिवळ्या पट्टीवर ठळक काळ्या अक्षरांत नाव असलेले बिल्ले आणले. या मोहिमेतील क्रम विचारात घेण्यासारखा आहे. आधी तोंडाने नाव सांगावयाचे, मग बिल्ल्याने त्याला साथ द्यावयाची. आपल्याकडील दुकानांत बिल्ला लावला की तोंड उघडण्याची जबाबदारी संपली, असे समजले जाते.

आता गुरुजींच्या शिकवणीप्रमाणे मापाकडे वळू. डोळे तपासताना समोर जो अक्षरांचा तक्ता असतो तो हेर्मान स्नेलेन या डच नेत्रवैद्याने 1862 साली तयार केला. त्याचे गणित सोपे आहे. निकोप डोळ्याला सहा मीटरवरून सुमारे 8.7 मिलीमीटर उंचीचे अक्षर ओळखता यावे, असे त्यात गृहीत आहे. अंतर एक मीटर केले की हीच उंची सुमारे 1.45 मिलीमीटर होते. दुकानाच्या फळीच्या अलीकडून पलीकडच्या बिल्ल्यापर्यंतचे अंतर साधारण एक मीटरच असते. बहुतेक बिल्ल्यांवरचे अक्षर मोजून पाहा, ते तीन ते चार मिलीमीटर भरते. चांगल्या डोळ्याला ते सहज पुरते. म्हणूनच बिल्ला पसंत करणाऱ्या मालकाला त्यात काही उणे दिसत नाही.

परंतु 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने 'अल्पदृष्टी' कोणाला म्हटले आहे ते पाहा. शक्य तेवढी उत्तम दुरुस्ती करूनही, म्हणजे चष्मा लावूनही, चांगल्या डोळ्याची दृष्टी 6/18 च्या पुढे जात नाही अशी व्यक्ती. 6/18 म्हणजे निकोप डोळ्याला जे अक्षर अठरा मीटरवरून ओळखता येते, ते पाहण्यासाठी या व्यक्तीला सहा मीटरवर यावे लागते. तिला अक्षर तिप्पट मोठे हवे. एक मीटरवर ते 4.4 मिलीमीटर होते, आणि तेही भरपूर उजेडात, तक्त्यावरच्या सुट्या, ठसठशीत अक्षरासाठी. ही केवळ ओळखण्याची किमान मर्यादा झाली. विनासायास वाचावयाचे तर दुप्पट धरणे बरे, म्हणजे सुमारे नऊ मिलीमीटर. ज्यांची दृष्टी 6/60 आहे त्यांना किमान मर्यादाच साडेचौदा मिलीमीटर लागते. तीन मिलीमीटरचे अक्षर त्यांच्यासाठी नसल्यातच जमा आहे. चष्मा देऊन माझे काम जेथे संपते, तेथे समोरच्या दुकानदाराचे काम सुरू होते, असे मी या हिशेबावरून म्हणतो.

यात आपल्या लिपीचा प्रश्न येतो. इंग्रजीतील मोठी अक्षरे एका रांगेत, एकाच उंचीची असतात. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफार, आणि खाली उकार, ऋकार. या सर्वांसाठी जागा राखावी लागते. त्यामुळे छापखान्यात दोन्ही लिप्यांना एकच आकार दिला तरी देवनागरीचे मूळ अक्षर लहान दिसते. शिवाय घ आणि ध, भ आणि म, ष आणि प यांच्यातील भेद एका रेघेचा किंवा एका गाठीचा. धुरकट नजरेला ती रेघ दिसत नाही. म्हणून इंग्रजीसाठी जे माप पुरते ते देवनागरीला पुरेलच असे नाही. मूळ अक्षर नऊ-दहा मिलीमीटर उंच करावयाचे तर मात्रा-उकारांसह एका ओळीला सुमारे अठरा मिलीमीटर जागा हवी. एक इंच म्हणजे पंचवीस मिलीमीटर. याचा अर्थ उघड आहे. एक इंच रुंदीच्या बिल्ल्यावर एकच ओळ मावते, आणि ती नावाची असावी. आज त्या जागेत दुकानाचे बोधचिन्ह, घोषवाक्य, हुद्दा, शाखेचे नाव आणि उरलेल्या कोपऱ्यात माणसाचे नाव अशी व्यवस्था असते. चपराशीच्या पितळी बिल्ल्यावर कचेरीच मोठी होती. शंभर वर्षांनंतरही आपण तेथेच घोटाळत आहोत.

मग वडोदऱ्यातील मराठी माणसाच्या मनात एक प्रश्न उभा राहील : नाव कोणत्या लिपीत? गुजराती, देवनागरी की इंग्रजी? तिन्ही लिप्या लिहिल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला जेमतेम चार-पाच मिलीमीटर येतात आणि तिन्ही वाचता येईनाशा होतात. येथील बहुसंख्य ग्राहक गुजराती वाचणारे आहेत. म्हणून बिल्ल्याच्या दर्शनी भागावर एकच नाव, मोठे आणि गुजरातीत असावे, आणि देवनागरी व इंग्रजी नावे फळीवर ठेवलेल्या उभ्या पाटीवर असावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. पाटीला जागेची टंचाई नसते. मराठी शाळेच्या व्यासपीठावरून हे बोलणे काहींना रुचणार नाही. पण मराठीचा अभिमान तीन मिलीमीटरच्या अक्षराने सिद्ध होत नाही. याच नगरीत 1931 साली सयाजीराव महाराजांच्या प्रेरणेने 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा बहुभाषी प्रशासनकोश सिद्ध झाला. 1906 साली ज्या राजाने संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, त्याच्यापुढे प्रश्न होता तो अक्षर प्रत्येकापर्यंत पोहोचण्याचा. बिल्ल्यापुढेही तोच आहे.

आकाराइतकेच महत्त्व रंगाला आणि पृष्ठभागाला आहे. सोनेरी पत्र्यावर कोरलेली अक्षरे श्रीमंती दाखवितात, पण दिव्याखाली तो पत्रा आरशासारखा चमकतो आणि नाव नाहीसे होते. मोतीबिंदू असलेल्या डोळ्याला ही चकाकी अधिकच त्रास देते. संगणकाच्या पडद्यावरील मजकुरासाठी जी आंतरराष्ट्रीय सुगम्यता-सूत्रे आहेत, त्यांत अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर नेहमीच्या मजकुरासाठी किमान 4.5 ला 1 असावे असे सांगितले आहे. पांढऱ्यावर काळे असेल तर हे गुणोत्तर 21 ला 1 भरते. ही सूत्रे पडद्यासाठी असली तरी डोळा तोच आहे. तेव्हा मंद पृष्ठभाग, पांढरी किंवा पिवळी पाटी आणि काळे ठळक अक्षर, एवढे पाळले की निम्मे काम झाले.

आता ज्यांना मुळीच दिसत नाही त्यांच्याकडे येऊ. सुगम्य बिल्ला म्हटले की लोक लगेच म्हणतात, 'ब्रेल लावा.' लुई ब्रेल यांची सहा ठिपक्यांची लिपी 1829 साली प्रसिद्ध झाली. भारतीय भाषांसाठी 1951 मध्ये भारती ब्रेल ही एकच पद्धती ठरली. तिची एक गंमत सांगण्यासारखी आहे. गुजराती 'स' आणि मराठी 'स' यांचे ठिपके एकच. 'सुनीता' हे नाव गुजराती वाचकाने वाचावे की मराठी वाचकाने, ठिपके बदलत नाहीत. आपण डोळस माणसे ज्या लिपीवरून वाद घालतो तो वाद बोटांच्या टोकाशी शिल्लकच राहत नाही. जागाही पुरते. ब्रेलचे एक घर सुमारे सहा मिलीमीटर जागा घेते. तीन इंचांत बारा घरे बसतात आणि 'सुनीता'ला सहाच लागतात.

अडचण वेगळीच आहे. ब्रेल बोटांनी वाचावयाचे असते आणि बिल्ला छातीवर असतो. दृष्टिहीन ग्राहकाने अनोळखी विक्रेतीच्या छातीवर हात फिरवून नाव वाचावे, अशी कल्पना ज्यांनी केली त्यांनी ग्राहकाचाही विचार केला नाही आणि त्या विक्रेतीचाही नाही. 1996 साली महात्मा गांधी मालिकेच्या नोटांवर दृष्टिहीनांसाठी उंचावलेली ओळखचिन्हे आली. आजच्या मालिकेत शंभराच्या नोटेवर त्रिकोण आणि पाचशेच्या नोटेवर वर्तुळ आहे. नोट ग्राहकाच्या हातात येते, म्हणून तेथे स्पर्शाचे चिन्ह सार्थ आहे. बिल्ला हातात येत नाही. छातीवरचे ब्रेल हे बहुतांशी छायाचित्रापुरते असते. ब्रेल लावावयाचेच असेल तर ते फळीच्या कडेला, ठरलेल्या एकाच जागी लावावे. शिवाय उतारवयात दृष्टी गेलेल्या अनेकांना ब्रेल येत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

दृष्टिहीनांसाठी खरा बिल्ला म्हणजे आवाज. 'नमस्कार, मी सुनीता. कापडाच्या विभागात काम करते. आपल्याला काय दाखवू?' एवढे म्हणावयास पाच सेकंद लागतात. त्याला दोन जोड हवेत. एक, जाताना सांगून जावे : 'मी आतून दुसरा ताका घेऊन येते.' नाही तर ग्राहक रिकाम्या जागेशी बोलत राहतो आणि आजूबाजूचे हसतात. दुसरे, पैसे परत करताना प्रत्येक नोट मोठ्याने मोजून द्यावी. या तीन सवयी कोणत्याही ब्रेल पट्टीपेक्षा अधिक उपयोगी आहेत आणि त्यांना खर्च शून्य आहे.

बधिर ग्राहकाची गोष्ट नेमकी उलटी. त्याला आवाज नको, अक्षर हवे. पुष्कळांचा समज असा की बधिर माणूस ओठ वाचतो, त्यामुळे नाव तोंडाने सांगितले की पुरे. आरशासमोर उभे राहून आवाज न काढता 'मीना' म्हणा आणि मग 'बीना' म्हणा. ओठांची हालचाल एकच. प, ब, म ही तिन्ही व्यंजने ओठ मिटून होतात. त्यांच्यातला भेद घशात आणि नाकात असतो, तो बाहेरून दिसत नाही. वाक्याला संदर्भ असतो, त्यावरून अंदाज बांधता येतो. नावाला संदर्भ नसतो. म्हणून नाव ओठांवरून वाचणे सर्वांत कठीण, आणि म्हणून बधिर ग्राहकाला लिहिलेला बिल्ला सर्वांत अधिक हवा. त्या बिल्ल्यापुढे ओळखपत्राची दोरी, वेणी किंवा मोजपट्टी लोंबकळत असेल, तर त्याच्याकरिता तुम्ही नाव पुसून टाकले असे समजा.

काही दुकाने बिल्ल्यावर दोन हातांचे चिन्ह छापून 'खुणांची भाषा येते' असे सुचवितात. 2015 साली दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले आणि 2021 पर्यंत त्याच्या शब्दकोशात दहा हजार शब्द आले. म्हणजे शिकण्याची सोय आहे. परंतु ज्या कर्मचाऱ्याला चार खुणाही येत नाहीत त्याच्या छातीवर ते चिन्ह लावणे ही फसवणूक होय. ग्राहक मोठ्या आशेने हात हलवितो आणि समोरचा गोंधळून मालकाकडे पाहतो. चिन्ह लावावे ते शिकल्यावर.

चाकाच्या खुर्चीतील ग्राहकाचा प्रश्न उंचीचा आहे. हल्ली बिल्ल्याऐवजी गळ्यात दोरीने ओळखपत्र अडकविण्याची पद्धत आली आहे. ते पोटाशी लोंबते. उभ्या ग्राहकाला ते दिसते, पण खुर्चीत बसलेल्याच्या आणि त्या पत्राच्या मधे दुकानाची फळी येते. शिवाय दोरीवरचे पत्र फिरते आणि नेमकी कोरी बाजू पुढे येते. उपाय दोन. नाव दोन्ही बाजूंना छापावे, आणि शक्य तर दोरी सोडून खांद्याच्या जरा खाली पक्का बिल्ला लावावा. कपड्याला भोक पडू नये म्हणून चुंबकाचे बिल्ले मिळतात, ते चांगले. मात्र ज्या कर्मचाऱ्याच्या हृदयाला पेसमेकर बसविला आहे त्याला चुंबकाचा बिल्ला देऊ नये.

काही दिव्यांगत्वे डोळ्यांना दिसत नाहीत. स्मृतिभ्रंश झालेल्या आजोबांना दहा मिनिटांपूर्वी आपण कोणाशी बोललो हे आठवत नाही. काही माणसांना दृष्टी उत्तम असूनही चेहरे ओळखता येत नाहीत. ओळखीची व्यक्ती कपडे बदलून आली तरी त्यांना ती परकी वाटते. अशांना दालनातील एकसारखे गणवेश म्हणजे चकवाच. त्यांना नाव हाच एकमेव धागा असतो. बिल्ला नेहमी त्याच बाजूला, त्याच आकाराचा, त्याच रंगाचा असेल तर तो शोधण्याचे श्रम वाचतात.

आतापर्यंत मी ग्राहकाच्या बाजूने बोललो. बिल्ला ज्याच्या छातीवर असतो त्याचीही बाजू आहे, आणि ती विसरून केलेली सुधारणा टिकणार नाही. आपल्या देशात आडनाव म्हणजे नुसते आडनाव नसते. त्यात जात वाचली जाते, धर्म वाचला जातो, गाव वाचले जाते. आडनाव मोठ्या अक्षरांत छापणे म्हणजे त्या तरुणाला रोज शंभर अनोळखी नजरांच्या चौकशीला उभे करणे. पूर्ण नाव वाचून कोणी तिचा माग काढील, ही विक्रेत्या मुलींची भीतीही खरी आहे. म्हणून बिल्ल्यावर फक्त पहिले नाव असावे आणि ते कोणते असावे हे त्या व्यक्तीने ठरवावे. गुजरातेत तर सोय तयारच आहे : 'सुनीताबेन', 'रमेशभाई'. नावाला बेन किंवा भाई जोडून छापले की ग्राहकाच्या तोंडी 'ए, इकडे ये' येत नाही. एका बिल्ल्यात ओळखही साधते आणि मानही. आणि आडनाव वगळल्याने जी जागा वाचते, ती अक्षर मोठे करण्यास कामी येते. ग्राहकाची सोय आणि कर्मचाऱ्याची प्रतिष्ठा येथे एकमेकींच्या आड येत नाहीत, हे मला मोठे समाधानाचे वाटते.

कर्मचारी स्वतः दिव्यांग असेल तर? 2015 साली मुंबईत पवई येथे 'मिर्ची अँड माइम' हे उपाहारगृह सुरू झाले. तेथे वाढपी बधिर होते आणि पदार्थांच्या यादीत प्रत्येक पदार्थाची खूण दिली होती. ग्राहकाने ती खूण करून पदार्थ मागवावयाचा. जुळवून घेण्याचा भार एकट्या बधिर माणसावर न टाकता ग्राहकाने अर्धा उचलावा, ही त्यामागील दृष्टी मोलाची आहे. बिल्ल्यावरही हे साधता येते : 'मला ऐकू येत नाही. कृपया समोर येऊन बोला किंवा लिहून द्या.' मात्र ही ओळ त्या व्यक्तीला हवी असेल तरच. मालकाने आपली उदारता मिरविण्यासाठी दुसऱ्याच्या छातीचा फलक करू नये.

आता कायद्याविषयी थोडे. 2011 च्या जनगणनेत 2 कोटी 68 लाख भारतीयांची दिव्यांग म्हणून नोंद झाली. त्यांत दृष्टीसंबंधी आणि श्रवणासंबंधी दिव्यांगत्व असलेले प्रत्येकी सुमारे 50 लाख. त्यानंतर 2016 चा कायदा आला आणि त्याने दिव्यांगत्वाचे 21 प्रकार मानले. त्याच्या कलम 46 नुसार सुगम्यतेचे नियम सरकारी सेवांप्रमाणेच खासगी सेवा पुरविणाऱ्यांनाही बांधून घेतात. 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दाखवून दिले की सुगम्यतेच्या नियमांत सक्तीऐवजी शिफारशीच अधिक आहेत, आणि किमान मानके सक्तीची करण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला. कायद्यात बिल्ल्याचा उल्लेख नाही. तो असावा असा माझा आग्रहही नाही. कायद्याने उतार बांधून घेता येतो, दरवाजा रुंद करून घेता येतो. 'नमस्कार, मी सुनीता' हे वाक्य कायद्याला कोणाच्या तोंडी घालता येत नाही. ते मालकाला, शिक्षकाला आणि आईबापांना घालता येते.

एक आक्षेप मी अनेकदा ऐकतो. 'आमच्या दुकानात असे ग्राहक येतच नाहीत, मग हा खटाटोप कोणासाठी?' चष्म्याच्या दुकानात बसून या प्रश्नाचे उत्तर देणे सोपे जाते. चाळिशी ओलांडलेला प्रत्येक जण माझ्याकडे येतो आणि साठी ओलांडलेला प्रत्येक जण पुन्हा येतो. आजचा धडधाकट ग्राहक उद्याचा अल्पदृष्टी ग्राहक आहे. शिवाय, ज्या दुकानात नाव वाचता येत नाही, कोणी बोलत नाही आणि फळी हनुवटीइतकी उंच आहे, तेथे असे ग्राहक येत नाहीत यात नवल ते काय? ते येत नाहीत, याचा अर्थ ते नाहीत असा होत नाही.

या सभागृहात अनेक माजी विद्यार्थी असे आहेत की ज्यांची स्वतःची दुकाने, पेढ्या, दवाखाने आहेत. त्यांच्यापुढे माझे मागणे लहान आहे. उद्या दुकान उघडल्यावर मोजपट्टी घ्या आणि आपल्या माणसांच्या बिल्ल्यावरचे अक्षर मोजा. नऊ मिलीमीटरपेक्षा कमी भरले तर बोधचिन्ह लहान करा आणि नाव मोठे करा. पत्रा चमकत असेल तर बदला. कर्मचाऱ्यांना विचारा, तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडेल. फळीवर एक पाटी ठेवा. आणि प्रत्येकाला शिकवा की, ग्राहक कोणीही असो, प्रथम आपले नाव सांगावयाचे आणि जाताना सांगून जावयाचे. मग एखाद्या दृष्टिहीन आणि एखाद्या बधिर व्यक्तीला बोलावून विचारा की आता जमले का. त्यांनी 'नाही' म्हटले तर रागावू नका. अमुक सोय उपयोगी आहे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार ती वापरणाऱ्याचा आहे.

दुकानात शिरलेल्या माणसाला वस्तू हवी असते हे खरे. पण वस्तू आता घरबसल्याही येते. तो पायऱ्या चढून आपल्याकडे येतो तेव्हा माणसाशी व्यवहार व्हावा अशी त्याची अपेक्षा असते, आणि माणसाशी व्यवहाराची सुरुवात नावाने होते. ज्याला समोरच्याचे नाव कळत नाही त्याला आपण बाजारात येऊ दिले आहे, पण व्यवहारात बरोबरीने घेतलेले नाही. तीन इंचांच्या बिल्ल्यावर बरोबरीचा एवढा मोठा प्रश्न उभा आहे, आणि तो सोडविण्यास एक मोजपट्टी आणि पाच सेकंदांचे एक वाक्य पुरते.